दारातली दोन नावं

“जागं झाल्यावर त्याला पहिल्यांदा काय दिसतं?” बाबांनी विचारलं.

“कोणाला?”

“कर्नलला.”

“काही नाही,” केतकी म्हणाली. “आंधळाच असतो तो तेव्हा.”

“मग घरात कोण कोण आहे, हे त्याला सांगतं कोण?”

“फर्मवेअर. सर, हे मला येतं. तुम्हीच शिकवलंत. मी परीक्षेला नाही आले.”

“मग कशाला आलीस?”

तिनं पाठीवरची पिशवी उतरवली.

कर्नल म्हणजे पलटणीतला नव्हे. मीही आधी तेच समजलो होतो. मशीनच्या आत एक कारभारी असतो, सगळ्यांना कामं वाटणारा. त्याचं हे नाव. मशीन सुरू केलं की हा उठतो, पण घरात कोण राहतं हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्या आधी एकजण उठलेला असतो, तो फर्मवेअर. तो याच्या कानात सांगतो, या खोलीत अमका आहे, त्या खोलीत तमका आहे. मग कारभारी आपल्या माणसांना हाक मारतो, अमक्याची भाषा कोणाला येते रे? ज्याला येते तो ड्रायव्हर. तो जातो, अमक्याचं दार वाजवतो, त्याला कामाला लावतो.

कोणालाच येत नसेल, तर अमका बसला खोलीत. असून नसल्यासारखा.

एवढं मला बाबांपाशी बसून कळलंय. जास्त विचारू नका.

विमलनाथबाबा आमच्या मठाचे. मठ डोंगराच्या माथ्यावर. बाबा पूर्वी पुण्यात कंपनीत होते आणि तिथं त्यांचं हेच काम होतं, मशीन जागं करायचं. मग एके दिवशी कानात मुद्रा घातल्या आणि इथं येऊन बसले. का, ते मी विचारलं नाही. लोक फार विचारतात.

मी म्हादबा. दार माझ्याकडे आणि चूलही माझ्याकडे.

केतकी वाळिंबे ही त्यांची कंपनीतली शिष्या. ती आली ती सकाळी, पायऱ्या चढून, पाठीवर पिशवी, तोंड लाल.

रोपवे बंद होता ना. उन्हाळ्यात वीज पडली आणि वारा मोजायचं यंत्र जळालं. वाऱ्याचा आकडा मिळाल्याशिवाय पाळणा सोडायचा नाही असा नियम आहे, आणि बरोबर आहे. पण तेव्हापासून पायथ्याशी म्हाताऱ्या येऊन बसतात, वर बघतात, तिथूनच हात जोडतात आणि परत जातात. त्या आधी दर गुरुवारी वर यायच्या आणि माझं डोकं खायच्या. आता डोकं खायला कोणी नाही. बरं वाटत नाही.

जळालेलं यंत्र बाबांनीच बनवलेलं होतं, कंपनीत असताना. त्याचं नाव मरुत.

नवं यंत्र केतकीनं बनवलं. त्याचं नाव झुळूक. बाबांच्या हाताखालून निघून तिनं स्वतःचं दुकान मांडलं होतं, आणि स्वतःच्या नावानं केलेली तिची ही पहिली वस्तू. आठवड्यापूर्वी तिची माणसं येऊन मठाच्या छपरावर डांबाला लावून गेली. वाट्या गरागरा फिरतात. खाली शेपटी आहे, ती वारा येईल तिकडे तोंड करते. बघायला छान.

पण रोपवेचं मशीन म्हणतं, वर कोणी नाही.

आणि सरकारचे तपासनीस साहेब त्याच दिवशी चार वाजता येणार होते. मशीननं यंत्र ओळखलं तर रोपवेला परवानगी. नाही ओळखलं तर यंत्र उतरवून परत न्यायचं, आणि साहेब पुन्हा येणार ते जत्रा उलटल्यावर.

तर ती सकाळी दारात आली. मी विचारलं, “कोण?”

“केतकी वाळिंबे.”

“कोणाकडे शिकलीस?”

“म्हणजे?”

“म्हणजे कोणाकडे शिकलीस.”

“आजोबा, मला विमलनाथांना भेटायचंय. घाई आहे.”

“घाई सगळ्यांनाच असते. या दारात आपलं नाव सांगायचं, मग ज्याच्याकडे शिकलो त्याचं सांगायचं. मग आत.”

“आणि जो स्वतःच शिकला असेल तो?”

“असा अजून आलेला नाही.”

खरंच नाही आलेला. गवंडी येतो, तो बापाचं नाव घेतो. गाणारी येते, ती बाईंचं नाव घेते. एकदा एक पाकीटमार आला. त्यानंही आपलं नाव सांगितलं आणि उस्तादाचंही सांगितलं, अगदी कानाला हात लावून. घेतला आत. बाकीच्यांच्या पिशव्या तेवढ्या मी चुलीजवळ नेऊन ठेवल्या.

बाबा खाली जाऊन येतात तेव्हा त्यांनाही विचारतो. तेही सांगतात. विमलनाथ, भगवंतनाथांकडे शिकलो. एकदाही चिडले नाहीत.

ही चिडली. “मी केतकी वाळिंबे,” म्हणाली. “एवढं नाव पुरत नसेल तर राहू दे.” आणि पायरीवर बसली.

बसू दिली.

मग आतून बाबा म्हणाले, “म्हादबा, आवाज ओळखीचा आहे. येऊ दे.”

आवाजावर आत घ्यायची पद्धत नाही. पण बाबांच्या पुढे मी कोण? घेतली. बाहेर पायरीवर काढायच्या चपला मात्र तिनं आतच काढल्या, ओसरीवर, तेही मी पाहून ठेवलं.

आणि मग ते बोलणं, जे मी सुरुवातीला सांगितलं.

“कशाला आलीस?” बाबांनी पुन्हा विचारलं.

“झुळूक जागं होत नाही.”

“झुळूक जागं आहे. मी पहाटे पाहिलं, फिरत होतं.”

“कर्नलला दिसत नाही म्हणतेय मी.”

“मग तसं म्हण.”

केतकीनं ओठ आवळले. रोपवेचं मशीन मठाच्या शेजारीच आहे, लोखंडी कपाटात. तिथं इब्राहिम बसतो, पाळणा चालवणारा. कपाटाचं दार उघडं टाकून तो आमच्याकडे कान लावून होता. त्याला तरी दुसरं काय काम होतं?

“यंत्राला तोंड आहे का?” बाबा म्हणाले.

“नाही. मुकं आहे. दोन तारांवर बसतं. काही यंत्रं खोचली की स्वतःच सांगतात मी अमुक, माझा कारखाना तमुक. हे तसलं नाही. याला नुसता घरक्रमांक.”

“मग त्याच्या वतीनं कोण बोलतं?”

“त्याच्या पाटीवर एक बारीक चिप आहे. तिच्यात मी ओळख लिहिलीय. मशीन उठताना फर्मवेअर ती वाचतं आणि कर्नलला सांगतं.”

“काय लिहिलंस?”

“झुळूक.”

“मग?”

“मग कर्नल आपल्या ड्रायव्हरांना विचारतो, झुळूक कोणाला येतं. कोणाला येत नाही. कुठून येणार? हा कर्नल जुना आहे, त्याला सरकारी सील. माझा ड्रायव्हर आत घालायचा तर मुंबईची मंजुरी. पुढचं वर्ष उजाडेल.”

बाबा छपराकडे बघत राहिले. वाट्या फिरत होत्या.

मग म्हणाले, “वाऱ्याचा वेग कुठल्या कप्प्यात ठेवतं तुझं यंत्र?”

“दुसऱ्या.”

“मरुत कुठं ठेवायचं?”

“...दुसऱ्या.”

“ड्रायव्हरनं दार वाजवलं की आधी काय दाखवतं?”

“पहिला कप्पा. हजेरीचा आकडा.”

“आणि मरुत?”

“तोच आकडा.” तिनं मान वळवली. “सर, पद्धत चांगली होती म्हणून ठेवली. म्हणून काही ते मरुत होत नाही. माझ्या वाट्या हलक्या आहेत. माझ्या यंत्राला शेपटी आहे. झोत कुठून येतो ती दिशा माझं यंत्र सांगतं, सातव्या कप्प्यात. मरुतला सातवा कप्पाच नव्हता.”

“नव्हता,” बाबा म्हणाले. एकदम खूश दिसले. “सातवा कप्पा सुचला नाही मला. छान केलंस.”

ती जरा गोंधळली. भांडायला आलेल्या माणसाला शाबासकी दिली की असंच होतं.

“ओळखीत किती नावं लिहिता येतात?” बाबांनी विचारलं.

“हवी तितकी. आधी स्वतःचं, मग ज्याच्यासारखं आहे त्याचं. कर्नल पहिलं विचारून बघतो, नाही जमलं तर पुढचं. मला माहितीय सर. तुम्ही फळ्यावर लिहून दाखवलं होतंत.”

“मग?”

“मी नाही लिहिणार.”

कपाटापाशी इब्राहिम खोकला. मी चुलीत लाकूड सारलं.

“का?”

“इतकी वर्षं सगळे मला काय म्हणत आले? सरांची केतकी. मी केलेल्या प्रत्येक गोष्टीवर तुमचं नाव. एक वस्तू, एकच वस्तू, माझ्या नावानं उभी राहावी असं वाटलं तर त्यात चूक काय?”

“काही नाही.”

“मग?”

“मग उभी राहू दे.”

“उभी आहे! पण कोणी बघतच नाही तिच्याकडे!” तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. “एक तर मी, नाही तर तुम्ही. अर्धंअर्धं मला जमत नाही.”

बाबांनी डोळे मिटले. ते असं करतात. लोकांना वाटतं समाधी लागली. बहुतेक वेळा ते नुसतं ऐकत असतात.

उन्हं कलायला लागली. खालून इब्राहिमच्या पोराचा फोन आला की साहेब पायऱ्या चढायला लागलेत. साहेब जाडे आहेत. वेळ होता, पण फार नव्हता.

केतकी उठली. पिशवीतून लॅपटॉप काढला, तार घेऊन शिडीनं छपरावर चढली. वर काहीतरी खटखट केली आणि खाली उतरून इब्राहिमला म्हणाली, “बंद करून चालू करा.”

त्यानं केलं. कपाटातलं मशीन गुरगुरलं. पडद्यावर अक्षरं धावायला लागली. आम्ही सगळे बघत होतो, मला वाचता येत नव्हतं तरी बघत होतो.

“आलं!” इब्राहिम ओरडला. “मॅडम, आकडे आले! बाबा, वारा आला!”

मी म्हटलं, सुटलो. चहाचं आधण ठेवलं. आलं ठेचलं. साखर जास्त घातली. केतकी खांबाला टेकून उभी होती. खूश दिसायला हवी होती, पण जेवणात खडा लागल्यासारखं तोंड.

बाबांपुढे कप ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

“इब्राहिम,” ते म्हणाले, “वर कोण आहे म्हणतंय मशीन?”

इब्राहिमनं वाचलं. “मरुत, बाबा.”

“मरुत?”

“हो. मरुतच.”

“मरुत जळालं,” बाबा म्हणाले. “मी स्वतः उतरवलं. ते बघ, तुळशीपाशी ठेवलंय, वाट्या वितळलेल्या.” त्यांनी छपराकडे बोट केलं. “मग वर कोण फिरतंय?”

“सर, तुम्हाला हवं ते केलं,” केतकी म्हणाली. “माझं नाव काढलं. तुमचं लिहिलं. चालतंय ना? आता काय हवं?”

“मला काय हवंय?”

“तेच विचारतेय.”

“मला काही नको होतं.”

“साहेबांना आकडा हवाय, आकडा आला. नाव काही का असेना.”

इब्राहिम हळूच म्हणाला, “मॅडम, साहेब यंत्राच्या डब्यावरचं नाव आणि पडद्यावरचं नाव ताडून बघतात. मागच्या वेळी ब्रेकचं असंच झालं होतं. डब्यावर एक, आत दुसरंच. त्यांनी हातही लावला नाही.”

केतकी पांढरी पडली. डब्यावर तिनंच ठसठशीत लिहिलं होतं, झुळूक. पुसता येणार नाही असं, पत्र्यात कोरून.

“मग आता?” ती बाबांकडे वळली. “सर, सांगा ना. माझं लिहिलं तर कोणी उठत नाही. तुमचं लिहिलं तर जो उठतो तो मला ओळखत नाही. काहीतरी बोला!”

बाबा उठले.

बोलले नाहीत. ओसरीवर गेले, वाकले आणि तिच्या चपला उचलल्या.

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. मठात एवढी वर्षं काढली, पण बाबांनी कोणाच्या चपलेला हात लावलेला पाहिला नव्हता. इब्राहिम उभाच राहिला.

“सर!” केतकी ओरडली. “सर, नका! द्या इकडे!”

बाबा चपला घेऊन चालत दारापर्यंत गेले, बाहेर पायरीवर नीट जोडीनं ठेवल्या. केतकी त्यांच्यामागे धावत बाहेर गेली, वाकून चपला पायात सरकवायला लागली, डोळ्यांत पाणी.

बाबा आत आले आणि दार लावून घेतलं.

ती बाहेर. आम्ही आत.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. विचार, अशी.

मी दारापाशी गेलो. “कोण?”

बाहेर चपला फरफटल्याचा आवाज.

“कोण आहे?”

“आजोबा, उघडा. साहेब अर्ध्या वाटेत आलेत.”

“कोण?”

“...विमलनाथांची शिष्या.” चिडून म्हणाली. “झालं? विमलनाथांची शिष्या.”

मी कडीला हात घातला. बाबांनी मान हलवली, नाही.

मला खरं सांगायचं तर रागच आला बाबांचा. सकाळी नुसतं स्वतःचं नाव सांगत होती, तेव्हा येऊ दे म्हणाले. आता गुरूचं नाव घेतेय तर नको. पण मग मीही विचार केला, आणि माझ्या तोंडून जे यायचं ते आलं.

“त्या ढीगभर आहेत, पोरी. दर गुरुवारी एक येते. त्यातली तू कोण?”

वारा होता. छपरावर वाट्यांची गरगर ऐकू येत होती, दाराच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच.

मग ती म्हणाली, “केतकी.”

मी थांबलो.

“केतकी वाळिंबे.” जरा वेळानं, हळू, “विमलनाथांकडे शिकले.”

बाबांनी स्वतः कडी काढली.

ती आत आली ती ओसरीवर थांबलीच नाही. चपला बाहेर, तार खांद्यावर, थेट शिडीवर. वरून ओरडली, “इब्राहिमभाई, मी सांगेन तेव्हा!”

“बोला मॅडम!”

“करा!”

मशीन बंद झालं, चालू झालं. इब्राहिम नाक पडद्याला लावून मोठ्यानं वाचायला लागला, जत्रेतल्या कुस्तीचं सांगतात तसं.

“उठला... उठला कर्नल... दोन तारांवर कोणीतरी आहे म्हणतोय... झुळूक म्हणतोय... झुळूक कोणाला येतं?... कोणी नाही...”

केतकी शिडीवरच थांबली.

“...पुढचं नाव बघतोय... मरुत... मरुत कोणाला येतं?... उठला! ड्रायव्हर उठला! दार वाजवलं... हजेरी मिळाली... आकडा आला!”

“नाव काय दाखवतंय?” केतकीनं वरून विचारलं.

“झुळूक! नाव झुळूक, चालवतोय मरुतचा ड्रायव्हर!”

बाबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि कप माझ्यापुढे केला. मी म्हटलं, “गरम करून दिला असता की.” म्हणाले, “चांगला होता.” चांगला काय होता, साखरेचा पाक झाला होता.

साहेब आले ते दारातच बसले. श्वास पुरेना. मी पाणी दिलं आणि विचारलं, “कोण?”

“अहो, कोण म्हणजे! तपासनीस!”

“ते काम झालं. नाव?”

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा हसत होते, मदत करत नव्हते. साहेबांनी रुमालानं मान पुसली, नाव सांगितलं आणि मग, आश्चर्य म्हणजे, लगेच म्हणाले, “कुलकर्ण्यांच्या हाताखाली शिकलो. काय माणूस होता! त्यांच्यासमोर एक नट ढिला चालायचा नाही.” आणि तिथंच बसून कुलकर्ण्यांच्या दोन गोष्टी सांगितल्या. मी ऐकल्या. दारावरच्या माणसाला ऐकावं लागतं.

मग कामाला लागले. डब्यावरचं नाव वाचलं. पडद्यावरचं वाचलं. जुळलं.

“आणि हे मरुत काय?”

“त्याच्या पद्धतीनं बोलतं,” केतकी म्हणाली. “मी तिथं शिकले.”

“हं.”

साहेबांनी इब्राहिमला छपरावर पाठवलं. त्यानं वाट्या हातानं धरल्या, पडद्यावर शून्य. सोडल्या, आकडा चढला. हातानं जोरात फिरवल्या, तशी मशीननं शिट्टी मारली आणि पाळणा जागच्या जागी अडवला. असं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी साहेबांनी लाखेची कांडी वितळवून ठसा मारला आणि म्हणाले, “पहिल्या पाळण्यानं मी खाली जातो. पायऱ्या उतरणं माझ्याच्यानं होणार नाही.”

पाळणा त्यांना घेऊन झुलत खाली गेला.

वर आला तो म्हाताऱ्यांना घेऊन. पायथ्याशी बसल्याच होत्या. त्यातली सगळ्यात वाकलेली दारात आली, तशी मी आडवा झालो.

“कोण?”

“डोळे फुटले का रे म्हादबा? किती महिन्यांनी आलेय!”

“कोण?”

“चांगुणा! यमुनामावशीकडे ओव्या शिकले! हो बाजूला, मेल्या.”

झालो बाजूला. फार बरं वाटलं.

संध्याकाळी ओसरीवर केतकी आणि बाबा बसले होते. आत म्हाताऱ्या गात होत्या, सूर सोडून. मी चहा घेऊन गेलो. या वेळी साखर बेतानं.

केतकी छपराकडे बघत होती. चेहरा निवलेला. पण काहीतरी राहिलं होतं, ते माझ्याही ध्यानात आलं.

“सर.”

“हं.”

“सातवा कप्पा.”

बाबांनी बशीत चहा ओतला.

“मरुतच्या ड्रायव्हरला तो माहीतच नाही,” ती म्हणाली. “तो वेग विचारतो आणि जातो. दिशा कोणी विचारत नाही. उद्या कधी कर्नल बदलला, त्यात माझा ड्रायव्हर आला, तर त्याला पहिलं नाव माझंच सापडेल. तेव्हा विचारेल तो. ते कळतंय मला.” ती थोडी हसली. “पण तोवर... मी जे स्वतः केलं, तेच कोणी विचारत नाही.”

“मोजतंय का ते?”

“दिशा? मोजतंय ना.”

“आत्ता?”

“आत्तासुद्धा. कोणी विचारो न विचारो.”

वर शेपटी हळूच वळली आणि स्थिर झाली.

बाबांनी बशी खाली ठेवली. मांडी नीट घातली, हात गुडघ्यांवर ठेवले, नवीन आलेला माणूस बसतो तसे तिच्यासमोर बसले.

“केतकी वाळिंबे,” ते म्हणाले, “आत्ता वारा कुठून आहे?”